सोसायटी ग्रुप: उद्याचा पाहुणा नृत्यप्रयोग

बी-३०२: सर्व सभासदांना नमस्कार. सभागृहात सकाळपासून काळ्या पट्ट्या अंथरलेल्या आहेत, दारावर "पादत्राणे घालून आत येऊ नये" असा कागद लागला आहे आणि मुलांचे टेबल टेनिस कोणालाही न विचारता तीन दिवस बंद करण्यात आले आहे. प्रयोग एका तासाचा असताना सभागृह तीन दिवस कशासाठी, याचा समितीने खुलासा करावा. मागील वर्षी माझ्या मुलीच्या नृत्यवर्गाला हेच सभागृह दोन तासांसाठी नाकारले होते, हे कोणी विसरले नसेल.

सचिव: ताई, नाकारले नव्हते, अर्ज उशिरा आला होता. आपली फरशी थेट काँक्रीटवर बसवलेली असल्यामुळे तिला जराही लवचिकता नाही, आणि या नृत्यात उड्या मारणे, कोसळणे, लोळणे हे सगळे अनवाणी होते. अशा फरशीवर सतत नाचल्यास नडगी दुखावते, प्रसंगी हाडाला बारीक तडाही जातो. म्हणून प्रयोग करणाऱ्या नृत्यकंपनीने खाली लाकडी, किंचित दबणारी जमीन आणि वर व्हिनाइलच्या पट्ट्या मागितल्या आहेत. गुंडाळून आणलेल्या पट्ट्या सपाट बसायला वेळ लागतो, त्यांचे सांधे चिकटपट्टीने जोडावे लागतात, दिवे त्यानंतर लागतात आणि तालमी सगळ्यात शेवटी होतात.

ए-१०५: एक साधा प्रश्न आहे. या नृत्यात कथा काय आहे?

बी-३०२: अर्ज उशिरा आला नव्हता. पोचपावती माझ्याकडे आहे.

सी-२०१: त्या पोचपावतीवरही एखादे नृत्य बसवता येईल. 😄

सी-४०४: प्रयोग चालू असताना वातानुकूलन बंद राहील, असे सूचनापत्रात वाचले. आमच्या सासूबाईंनी बंद सभागृहात तासभर कसे बसावे?

सचिव: वहिनी, घामेजलेल्या अंगावर गार वारा आला की स्नायू आखडतात आणि त्याच अवस्थेत उडी घेतली तर दुखापत होते. मात्र मागच्या दोन खिडक्या उघड्या ठेवण्यास त्यांची हरकत नाही. सासूबाईंसाठी तेथील खुर्ची राखून ठेवतो.

ए-१०५: माझ्या प्रश्नाचे उत्तर आलेले नाही. कथा काय आहे?

डी-५०३: काका, कथा असेलच असे नाही. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांनी १९५३ साली स्वतःची नृत्यकंपनी काढली. ते आणि संगीतकार जॉन केज नृत्य व संगीत परस्परांपासून स्वतंत्रपणे रचत असत, आणि कित्येकदा नर्तकांना ते संगीत थेट पहिल्या प्रयोगातच ऐकू येई. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी घडतात, एवढाच त्यांचा संबंध.

सी-२०१: म्हणजे आपली वार्षिक सभाच की.

खजिनदार: कृपया विषयाला धरून लिहावे.

सी-४०४: कंपनी मोठी आहे हे मान्य, पण पाठवली आहेत ती सतरा-अठरा वर्षांची मुले. मुख्य नर्तक त्यांच्याकडे राहिले आणि आपल्या वाट्याला विद्यार्थी आले, असे तर नाही ना?

डी-५०३: वहिनी, तरुणांचा संच म्हणजे दुय्यम संच नव्हे. नेदरलँड्स डान्स थिएटर ही नृत्यकंपनी १९५९ साली स्थापन झाली आणि १९७८ साली त्यांनी तरुण नर्तकांसाठी वेगळा संच उभा केला, जो आज स्वतःच्या बळावर जगभर प्रयोग करतो. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांनी तर १९७८ सालची आपली 'कोन्टाक्टहोफ' ही रचना २००० साली पासष्टीपुढच्या हौशी स्त्री-पुरुषांकडून आणि २००८ साली चौदा वर्षांपुढच्या मुलांकडून करून घेतली. तीच रचना वयानुसार कशी बदलते, हे पाहण्यासारखे असते. आज दुपारी मी दारातून तालीम पाहिली. एका मुलीच्या टाचेची कातडी फाटली होती. तिने खाली बसून त्यावर पट्टी गुंडाळली, पाय दोनदा आपटून पाहिला आणि तेच एक पडणे पुन्हा सात-आठ वेळा केले. प्रत्येक वेळी आधी तळवा टेकायचा, मग खांदा, आणि शेवटी केसांचा हलका आवाज. बी-३०२ ताई, तुमची मुलगी तासभर माझ्या शेजारीच बसली होती.

बी-३०२: ती टेबल केव्हा मोकळे होते ते पाहायला बसली होती.

सी-२०१: पादत्राणे काढून?

बी-३०२: अनावश्यक शेरे टाळावेत, ही विनंती. सभागृह सर्वांना समान नियमाने मिळावे, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यावर समितीने लेखी उत्तर द्यावे.

सचिव: लेखी उत्तर सोमवारी मिळेल. उद्यासाठी एवढे लक्षात ठेवावे की दिवे छतावर नसून दोन्ही बाजूंना, पार घोट्याच्या उंचीपासून उभ्या खांबांवर लावलेले आहेत, कारण बाजूच्या प्रकाशात शरीराचा उठाव नीट दिसतो. त्यामुळे दोन्ही कडांना तारा आहेत, तेथून कोणीही ये-जा करू नये. लहान मुलांना पट्ट्यांवर सोडू नये.

ए-१०५: पुढच्या रांगेत माझ्यासाठी व हिच्यासाठी दोन जागा ठेवाव्यात. कथेबद्दलचा प्रश्न मी मागे घेतलेला नाही.