मदत हवी आहे: वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं, पण त्याला भिंत कुठली?

मी आठवीला विज्ञान शिकवते. परवा वर्गात नेहमीचा प्रश्न निघाला: हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलं, तर खालची जमीन पूर्वेला निघून का जात नाही? मीही नेहमीचंच उत्तर दिलं. धावत्या गाडीच्या डब्यात चेंडू वर फेकला तर परत हातात येतो, कारण चेंडू, हवा, आपण, सगळे डब्याच्याच वेगाने चाललेले असतो.

एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, डब्याला भिंती असतात. टपावर बसलं तर वारा लागतोच की. वातावरणाला भिंती कुठे आहेत?"

मला उत्तर देता आलं नाही. सोमवारी सांगते म्हटलंय.

विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने सरकते. हवा मागे राहिली असती तर पूर्वेकडून ध्वनीपेक्षाही वेगवान वारा अखंड वाहिला असता. पृथ्वी फिरते असं आर्यभटाने सांगितल्यानंतर वराहमिहिराने हाच आक्षेप घेतला होता: पृथ्वी फिरत असेल तर पक्षी घरट्यात परततात कसे, ध्वज सतत पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? म्हणजे मुलीची शंका दीड हजार वर्षं जुनी आहे, आणि तिला टोलवाटोलवीचं उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.

घर्षणामुळे जमीन खालच्या थराला ओढते, तो वरच्याला, इथवर समजतं. पण मग प्रत्येक थर थोडा मागे पडत जाऊन दहा किलोमीटरवरची हवा बरीच मागे राहायला हवी ना? गुरुत्वाकर्षण तर खाली ओढतं, पुढे नाही. माझं कुठे चुकतंय?

प्रतिसाद

ताई, टपावर वारा लागतो तो भिंत नसल्यामुळे नव्हे. बाहेरची हवा जमिनीबरोबर असते आणि गाडी तिला कापत जाते, म्हणून लागतो. वातावरणाच्या बाहेर अशी थांबलेली हवा आहेच कुठे? तिथे जवळजवळ पोकळी आहे. मागे खेचणारंच कोणी नाही, म्हणून भिंतीची गरज नाही. हवा अवकाशात निसटू नये एवढं काम गुरुत्वाकर्षण करतं.

थरांबद्दल तुमची गल्लत एवढीच, की जमीन हवेला सतत ओढत असते असं तुम्ही धरलंय. दोघांच्या वेगात फरक असेल तेवढाच वेळ घर्षण काम करतं. फरक मिटला की ओढणं संपलं, आणि मिळालेला वेग हवेकडेच राहतो. त्यासाठी पृथ्वीला सुमारे ४५० कोटी वर्षं मिळाली आहेत. शिवाय वातावरणातला बराचसा वायू पृथ्वीच्याच पोटातून आला. फिरत्या जमिनीतून बाहेर पडताना तो हा वेग घेऊनच बाहेर पडला.

पुरावा हवा असेल तर हवामानाचे फुगे बघा. ते साधारण पावणेदोन तासांत ३० किलोमीटर उंची गाठतात. तेवढ्यात विषुववृत्तावरची जमीन सुमारे २,९०० किलोमीटर पुढे जाते. हवा मागे राहत असती तर फुगा तितका पश्चिमेला सापडला असता. प्रत्यक्षात तो वाऱ्याने वाहवतो तेवढाच लांब जातो.

मात्र 'हवा पृथ्वीबरोबर फिरते' एवढ्यावर वर्गात थांबू नका. खरी गंमत फरकात आहे, आणि त्या फरकालाच आपण वारा म्हणतो. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा तिथला जास्त वेग घेऊन निघते. ३० अंश अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी सुमारे १,४५० किलोमीटरच असतो, त्यामुळे ही हवा जमिनीच्या पुढे धावते. उंचावरचे पश्चिमेकडून येणारे झोतवारे जोरदार असण्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणजे वरची हवा मागे पडण्याऐवजी अनेकदा पुढेच असते! या देवाणघेवाणीत पृथ्वीचा वेगही किंचित बदलतो. ऋतूंनुसार दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या आसपास कमीजास्त होते.

वर्गासाठी एक प्रयोग: फिरत्या पाटावर पाण्याचं पातेलं ठेवा, पाण्यावर कागदाचे कपटे टाका आणि एकाच गतीने फिरवत राहा.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आज प्रयोग केला. सुरुवातीला कपटे जागच्या जागी आणि पातेलं त्यांच्याभोवती फिरत होतं. मुलं म्हणाली, "बाई, हवा मागे राहिली!" मग कडेचे कपटे निघाले, आणि काही मिनिटांनी मधलेही पातेल्याच्याच गतीने फिरायला लागले. ती मुलगी बराच वेळ बघत होती. म्हणाली, "आता पातेलं त्यांना ढकलत नाहीये." मी होकार दिला, तर तिने हात पुढे करून पातेलं थांबवलं. पाणी फिरतच राहिलं.