मूर्तीत बुद्धाची बत्तीस लक्षणं कशी दाखवायची?

मातीकाम_डिचोली

नमस्कार. डिचोलीत आमची गणपतीची चित्रशाळा आहे. सासरे गेल्यापासून मीच सांभाळते. चवथीची कामं सुरू व्हायच्या आधी यंदा एक वेगळंच काम हातात आलंय. वास्कोच्या एका मंडळाला बुद्धपौर्णिमेसाठी मूर्ती हवी आहे. पद्मासनातली, अडीच फुटी, विहारात कायम ठेवायची. म्हणून आतून पोकळ ठेवून भाजणार आहे. भट्टी ओळखीच्या कुंभारांची आहे.

माती मळून झाली, बैठक उठली, छातीपर्यंत काम आलं आणि तिथे अडलंय. मंडळातले तिघे बघायला आले होते. त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "साधा माणूस दाखवा, कपाळाला काही लावू नका." दुसऱ्याने बत्तीस महापुरुषलक्षणांची, म्हणजे महापुरुषाच्या अंगावर असतात असं मानलेल्या खुणांची, छापील यादी आणली होती, त्यातलं एकही सुटता कामा नये म्हणाला. सोबत कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती. ती एवढंच बोलली, "काकी, डोळे उघडे ठेवा."

यादी मी रात्री वाचली. चाळीस दात, लांब जीभ, हरणासारख्या पोटऱ्या, कोषात झाकलेलं गुह्य, एका रोमरंध्रात एकच केस. तोंड मिटलेल्या, चीवर म्हणजे भिक्षूचं वस्त्र पांघरलेल्या मूर्तीत यातलं दिसणार काय? उलट प्रत्येक बुद्धमूर्तीत आपण बघतो ते लांब कान यादीत नाहीतच. डोक्यावरचा उंचवटा म्हणजे केसांचा बुचडा की कवटीच तशी? भुवयांमधला ठिपका नक्की काय? बोटांना "जाळी" म्हणजे बदकासारखी कातडी करायची का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न. ज्याने माणसाला त्याच्या कर्माने ओळखा म्हणून सांगितलं, त्याच्या अंगावर खुणा शोधायची गरज कोणाला पडली? गणपतीच्या सोंडेचं वळण मला लहानपणापासून ठाऊक आहे, ते का आहे तेही ठाऊक आहे. इथे का ते कळल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. जाणकारांनी जरूर सांगावं.

पालीवाचक_फोंडा

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

तुमच्याकडे आलेली यादी दीघनिकाय या पाली ग्रंथातल्या लक्खणसुत्ताची असणार; सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश. मज्झिमनिकायातल्या ब्रह्मायुसुत्तातही तीच येते. पण लक्खणसुत्तात यादी पहिल्या पानावरच संपते. पुढचं सगळं सुत्त एकाच गोष्टीबद्दल आहे: कुठलं लक्षण कुठल्या कर्मामुळे मिळालं. म्हणजे तुम्ही जो विरोध बघताय तो सुत्तकारालाही दिसला होता आणि त्याने खुणांना कर्माचंच मूळ दिलं.

तळपाय सपाट, जमिनीवर पूर्ण टेकणारे का? तर पूर्वजन्मांत तो चांगल्या कामापासून ढळला नाही. तळपायावर हजार आऱ्यांचं चक्र का? पुष्कळांचं भय दूर केलं, त्यांच्या रक्षणाची व्यवस्था केली म्हणून. टाचा लांब, बोटं लांब, कारण तो जीवहत्येपासून दूर राहिला. सोन्यासारखी कांती रागाला थारा न दिल्यामुळे आणि मऊ वस्त्रं, पांघरुणं दान केल्यामुळे. चाळीस दात, तेही फट नसलेले, कारण चहाड्या करून माणसं तोडली नाहीत, तुटलेली जोडली. तुम्हाला अवघड वाटलेलं ते कोषातलं गुह्यसुद्धा ताटातूट झालेल्या आईला मुलाशी, भावाला बहिणीशी भेटवल्याचं फळ म्हणून सांगितलंय. हात-पाय मऊ आणि जाळीदार का, तर दान, गोड बोलणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं आणि सगळ्यांशी समानतेने वागणं, या चार गोष्टींनी त्याने लोक जोडले. डोक्यावरचा उंचवटा, उष्णीष, हा सत्कार्यात लोकांच्या पुढे राहिल्याचा. भुवयांमधली ऊर्णा सत्य बोलल्याची. ऊर्णा म्हणजे ठिपका नव्हे, रत्नही नव्हे. कापसासारखी मऊ, पांढऱ्या केसांची बट आहे ती.

आता डोळे. त्या मुलीने नेमकं तेच मागितलंय ज्यावर हे सुत्त माझ्या मते सगळ्यात सुंदर बोलतं. गडद नीळ डोळे आणि गाईसारख्या पापण्या ही दोन लक्षणं कशाने मिळाली? तो कोणाकडे डोळे वटारून बघत नसे, तिरकं बघत नसे, चोरून बघत नसे. सरळ मनाने, सरळ नजरेने, प्रेमाने लोकांकडे बघत असे. त्याचं फळ म्हणजे लोकांनाही तो बघावासा वाटतो. डोळे पूर्ण मिटले तर ही दोन्ही लक्षणं मूर्तीतून जातील. ध्यानस्थ मूर्तीत अर्धोन्मीलित, म्हणजे अर्धवट उघड्या डोळ्यांची परंपरा मोठी आहे, तिला कमी लेखत नाही. पण उघड्या, समोरच्याकडे सरळ बघणाऱ्या डोळ्यांना या सुत्ताचा पूर्ण आधार आहे.

त्या वडीलधाऱ्यांचं "साधा माणूस" हेही परंपरेबाहेरचं नाही. त्यासाठी मज्झिमनिकायातला धातुविभंगसुत्ताचा प्रसंग तुम्हाला सांगायलाच हवा, कारण तो राजगृहातल्या भग्गव नावाच्या कुंभाराच्या कामाच्या जागेत घडतो. तिथे पुक्कुसाति नावाचा तरुण आधीच उतरलेला असतो. बुद्धाच्या नावाने त्याने घर सोडलंय, पण बुद्धाला कधी पाहिलेलं नाही. रात्री बुद्ध तिथे येतात, जागा मागतात, दोघे गवत पसरून बसतात. बुद्ध विचारतात, "तुझ्या गुरूला पाहिलंस तर ओळखशील?" तो म्हणतो, "नाही." बत्तीस लक्षणं समोर बसलेली असून त्याला कळत नाही. उपदेश ऐकल्यावर कळतं. राजा अजातशत्रूचंही तेच. सामञ्ञफलसुत्तात तो जीवक वैद्याला विचारतो, यात भगवान कुठले? जीवकाला दाखवावं लागतं, मधल्या खांबाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसलेत ते.

शिवाय ही लक्षणं एकट्या बुद्धाची नाहीतच. ती असलेला पुरुष घरी राहिला तर चक्रवर्ती राजा होतो, घर सोडलं तर बुद्ध. वज्रच्छेदिका या महायान सूत्रात हाच मुद्दा पुढे नेलाय: लक्षणांवरून तथागत, म्हणजे बुद्ध, ओळखता आला असता तर चक्रवर्तीही तथागत ठरला असता. तेव्हा मंडळातले तिघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. बत्तीसच्या बत्तीस दाखवायचा हट्ट मात्र सोडायला सांगा. ब्रह्म्यासारखा आवाज हेही त्यातलंच एक, ते मातीत कुठून आणणार?

छिन्नीवाला_पणजी

पालीवाचक सरांनी अर्थ सांगितला, मी हातकामाचं बोलतो. मी दगडात काम करतो, पण शिकताना मातीतच हात घातला होता.

उष्णीष: जुन्या मूर्तिकारांनी एकाच पद्धतीने केलेलं नाही. गांधारच्या मूर्तीत लाटांसारखे केस वर नेऊन बांधलेले दिसतात. मथुरेच्या कुषाण काळातल्या मूर्तीत शंखासारखा एकच वेटोळा. पुढे सबंध डोक्यावर उजवीकडे वळलेल्या बारीक कुरळ्या गाठी आणि त्यांनीच झाकलेला उंचवटा, हे रूप पक्कं झालं. तुम्ही भाजणार आहात, म्हणून महत्त्वाचं सांगतो: उष्णीष भरीव ठेवू नका. डोक्याची पोकळी थेट त्याच्यापर्यंत न्या आणि मागून एक भोक ठेवा. जाड भागात ओल राहिली तर भट्टीत डोकंच फुटेल. गाठी वेगळ्या वळून लावणार असाल तर खालची जागा खरवडून पातळ चिखल लावा आणि गाठ लावताना खाली हवा अडकू देऊ नका. कपाळाच्या कडेच्या गाठी बारीक, वर थोड्या मोठ्या. सगळ्या एकाच मापाच्या केल्या की टोपी घातल्यासारखं दिसतं.

गाठी नकोच असतील तर त्यालाही आधार आहे. मानकुवरचा बुद्ध, गुप्त संवत १२९ म्हणजे इ.स. ४४८-४९ चा, लखनौच्या संग्रहालयात आहे. डोकं गुळगुळीत, केसांच्या गाठी नाहीत. बोटांमध्ये जाळी मात्र स्पष्ट दिसते. तुमच्या वडीलधाऱ्यांना त्याचा फोटो दाखवा.

त्या जाळीबद्दल: बुद्धघोषाच्या अट्ठकथेत, म्हणजे पाली भाष्यात, स्पष्ट म्हटलंय की कातडीने जोडलेली बोटं असा अर्थ नाही, तसं व्यंग असलेल्याला तर प्रव्रज्याही, म्हणजे भिक्षू व्हायची दीक्षाही, मिळत नाही. बोटं सरळ, एकमेकांना लागून, कुशल सुताराने केलेल्या जाळीच्या खिडकीसारखी. पण मूर्तिकारांनी बोटांमध्ये पातळ पडदा ठेवला, आणि दगडात त्याचा फायदा असा की बोट तुटत नाही. मातीत तर तो अजून उपयोगी. उजवा हात भूमीला स्पर्श करणारा असेल तर बोटं एकमेकांना आणि पायाला चिकटलेलीच ठेवा. सुटी बोटं उन्हाळ्यात सुकताना तडकतात, हे तुम्हाला मी काय सांगणार.

कान: बत्तिसांत नाहीत, ऐंशी अनुव्यंजनांमध्ये, म्हणजे दुय्यम खुणांमध्ये येतात. राजपुत्र असताना घातलेल्या जड दागिन्यांनी पाळ्या ओघळल्या असं सहसा सांगतात. म्हणून पाळी लांब ठेवा आणि भोक रिकामं. कुंडल नको. दागिने तो मागे टाकून आलाय.

निळी_पहाट

जय भीम काकी. मी तुमच्याकडे आलेल्या मंडळातली नाही, पण वास्कोचीच.

आमच्या वडीलधाऱ्यांना कपाळावरचं चिन्ह का नको, ते मला आतून कळतं, म्हणून लिहिते. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशी प्रतिज्ञा बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिली. माझ्या आजीच्या पिढीने ती शब्दशः जगली. तिच्या लहानपणी तिला देवळाच्या पायरीवर चढू दिलेलं नाही. त्यामुळे कपाळावर काहीही लाल, उभं, गंधासारखं दिसलं की त्या लोकांच्या पोटात गोळा येतो. तो हट्ट नाही.

पण लक्षणं म्हणजे आपल्याला परकी असंही नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी असित मुनींचा प्रसंग घेतलाय, आणि त्यात बत्तीस लक्षणं आणि ऐंशी अनुव्यंजनं यांचा उल्लेख आहे. म्हणून माझी विनंती अशी की ऊर्णा ठेवा, पण रंगवू नका. मातीतच, कपाळाच्याच रंगात, उजवीकडे वळलेला बारीक वेटोळा उठवा. जवळ जाऊन बघणाऱ्याला दिसेल, लांबून टिळा वाटणार नाही. आणि वर सरांनी सांगितलं ते, ऊर्णा ही खरं बोलल्याची खूण, हे आमच्या लोकांना तुम्ही स्वतः सांगा. मूर्ती घडवणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकतील.

डोळे उघडेच. आमच्या घरातल्या फोटोतही उघडेच आहेत. जागा असलेला माणूस तो.

एक सांगावंसं वाटतं. वास्कोच्या जवळच सांखवाळ. धर्मानंद कोसंबी तिथले, जन्म १८७६. बुद्धाच्या ओढीने गाव सोडून ते थेट सिंहलद्वीपापर्यंत, म्हणजे श्रीलंकेपर्यंत गेले, भिक्षू झाले. सुत्तनिपाताचं मराठी भाषांतर त्यांनी केलंय, त्यातल्या नालकसुत्तात तेच असित ऋषी आहेत: बाळाला घेऊन आनंदतात आणि मग रडतात, कारण हा बुद्ध होईल तेव्हा आपण नसणार. चेहरा घडवायच्या आधी एवढं वाचा काकी. गोंयच्या मातीत हे काम होतंय याचा मला फार आनंद आहे.

मातीकाम_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सगळं पुन्हा पुन्हा वाचलं आणि आज कामाला लागले.

डोकं पोकळ करून मागे भोक ठेवलंय. गाठी करायचं ठरवलं, कारण यादी आणलेल्या भावाचाही मान राहिला पाहिजे. ऊर्णा पहाटताईंनी सांगितली तशी, बिनरंगाची. डोळ्यांना सगळ्यात जास्त वेळ देणार आहे. गणपतीचे डोळे आम्ही शेवटी रंगाने उघडतो, आखणी म्हणतो त्याला. इथे भाजल्यावर रंग देणार नाही, म्हणजे नजर मातीतच आली पाहिजे. बुबुळाच्या जागी किंचित खोलगट घेऊन सावली पाडून बघितली. खोल गेलं की नजर रागीट होते, उथळ राहिलं की आंधळी दिसते. "वटारून नाही, तिरकं नाही, चोरून नाही" हे कागदावर लिहून समोर लावलंय. तिरकं न होण्यासाठी दोन्ही बुबुळं नाकाच्या रेषेपासून मापून घेते आहे, आणि नजर थोडी खाली, विहारात समोर बसणाऱ्याच्या तोंडावर पडेल अशी.

पालीवाचक सर, आता एकच विचारते. पद्मासनात तळपाय वर आलेत, तिथे चक्र कोरायचं आहे. डावा तळहात मांडीवर उताणा आहे, त्यावरही कोरायचं का? आणि हजार आरे या एवढ्याशा पायात कसे बसवू?

पालीवाचक_फोंडा

पाली यादीत चक्र फक्त तळपायांवर आहे. संस्कृत परंपरेत हात आणि पाय दोन्हींवर सांगितलंय, आणि मथुरेच्या जुन्या मूर्तींच्या तळहातावर ते दिसतंही. मंडळाने पाली यादी आणली आहे, तर तळहात मोकळा ठेवा. रिकामा, उघडा हात छान दिसेल.

आऱ्यांची काळजी करू नका. सुत्तात हजार आऱ्यांबरोबर नेमी (धाव, चाकाची कड) आणि नाभी (तुंबा, मधला भाग) यांचाही उल्लेख आहे, चक्र सर्व बाजूंनी परिपूर्ण हवं असा. धाव आणि तुंबा पूर्ण, नीट गोल आला की चक्र पूर्ण. आरे आठ घेतलेत तर लोक अष्टांगिक मार्ग म्हणून लगेच ओळखतील.

मातीकाम_डिचोली

मग आधी धाव आणि तुंबा काढते, आठ आरे त्यात सहज बसतील. माती अजून ओली आहे, आजच करून घेते.