ऑफलाइन काट्याच्या नोंदी जुळवायच्या कशा? मदत हवी आहे

दारव्ह्याकडच्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन खरेदीचं ॲप बांधतोय. तीन गावांत तीन वजनकाटे, प्रत्येकावर एक साधा अँड्रॉइड फोन. लाइट गेली की टॉवरही जातो, म्हणून नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, रेंज आली की सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये.

पावती क्रमांकांची टक्कर यूयूआयडीने (फोन स्वतःच तयार करतो तो, दुसऱ्या कशाशी न जुळणारा लांब क्रमांक) मिटली. अडलंय दुरुस्तीपाशी. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की काटेवाला कपात नंतर टाकतो. तोवर ऑफिसातल्या ताईंनी त्याच पावतीतून बारदाना (रिकाम्या पोत्यांचं वजन) वजा केलेला असतो. 'शेवटचं लिहिलेलं खरं' हा नियम लावला, तर ताईंची वजावट गुपचूप पुसली गेली. फोनच्या घड्याळावर भरवसा नाही, एक तर ४० मिनिटं मागे होतं.

आता स्क्रीन बाजूला ठेवून मांडणीच बदलतोय: पावती खोडायचीच नाही, वजन, कपात, बारदाना अशा नोंदी रोकडवहीसारख्या जोडत जायच्या आणि रक्कम त्यातून काढायची. ऑनलाइनची सक्ती करता येत नाही, काट्यावर ट्रॅक्टरची रांग असते.

प्रश्न एवढाच: चुकारा (शेतकऱ्याला मालाचे पैसे देणं) झाल्यावर बंद पडलेल्या फोनमधली कपात उशिरा आली, तर ती जुन्या पावतीला जोडून फरक पुढच्या चुकाऱ्यात वळता करायचा, की उलट नोंद करून नवी पावती काढायची? कोणी प्रत्यक्ष चालवलंय का?