मुलीला थायरॉइड निघालाय, वय ९. गोळीचं कसं जमवता आणि तिला काय सांगू?

निळी_छत्री:
माझ्या मुलीचे रिपोर्ट गेल्या आठवड्यात आले, टीएसएच (थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) ६८, अँटी टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) पण पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले हाशिमोटो आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडच्या ग्रंथीवर उलटलीये. लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणाऱ्या थायरॉइड हार्मोनची गोळी, सुरू केलंय. पण मला गोळीपेक्षा दुसरंच खातंय. वर्षभर आम्ही तिला आळशी म्हणत होतो. शाळेतून आली की झोपायची, अभ्यासाला बसली की पेंगायची, पोट साफ व्हायचं नाही, सगळ्यांना उकडत असताना ही पांघरूण घेऊन बसायची आणि मी ओरडायचे. उंची थांबलीये हे पण कळलं नाही, उलट जुने कपडे अजून बसतात म्हणून बरं वाटायचं. आता आठवलं की रडूच येतं.
सकाळी शाळेची घाई, त्यात उपाशीपोटी गोळी आणि पुढे अर्धा तास काही खायचं नाही, कसं जमवता? एखाद्या दिवशी राहिली तर? आणि कायम घ्यायची का असं तिने विचारलं तर काय सांगू?

पहाटवारा:
ताई, हे इतकं हळूहळू होतं की रोज बघणाऱ्या आईबापालाच कळत नाही, आम्हालाही नाही कळलं. माझ्या मुलाला ११व्या वर्षी निघाला, ४ वर्षं झाली. मी पहाटेचा अलार्म लावते, तो अर्धवट झोपेत उठून बसतो, पाण्याबरोबर गोळी घेतो आणि परत झोपतो, नीट उठून आवरेपर्यंत अर्धा-पाऊण तास होऊनच जातो. आमची चूक सांगते. त्याला लोहाचं टॉनिक चालू होतं आणि मी दोन्ही सकाळी एकदमच द्यायचे. डोस वाढवला तरी टीएसएच खाली येईना, शेवटी डॉक्टरांनी विचारलं अजून काय काय देता, तेव्हा उलगडा झाला. लोह आणि कॅल्शियमची औषधं या गोळीपासून किमान ४ तास लांब ठेवा, दूधसुद्धा लगेच नको. एखाद दिवस राहिली तर घाबरू नका, हे औषध शरीरात बरेच दिवस टिकतं, निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात. त्याच दिवशी आठवलं तर द्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आणि रक्त तपासायचं असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर, आम्हाला तरी असंच सांगितलंय.

दोघांचा_बाबा:
आमच्या धाकटीला जन्मतःच आहे, टाचेतून रक्त घेतात त्या तपासणीत कळलं. तान्ही असताना गोळी चमच्यात चुरून थेंबभर पाण्यातून द्यायचो, बाटलीत कधीच नाही, कारण बाळाने बाटली अर्धी सोडली की डोस पण अर्धा. पहिल्या ३ वर्षांत मेंदू थायरॉइडच्या हार्मोनवर फार अवलंबून असतो, त्यामुळे आम्हाला एकेका दिवसाची धास्ती होती. तुमच्या मुलीचं ते वय उलटून गेलंय, हा मोठा दिलासा आहे. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टेस्ट असते, त्याआधी आकडा बघायची घाई करू नका.

संथ_लाट:
मी स्वतः १०व्या वर्षापासून घेतेय, आता २७. कायमची का, तर हाशिमोटोत बहुतेकांना हो, काही मुलांची ग्रंथी पुढे सावरते पण ते डॉक्टर तपासून ठरवतात, बरं वाटतंय म्हणून आपण बंद करायची नाही. मला आईने सांगितलेलं की तुझ्या गळ्यातली ग्रंथी जे बनवते ते कमी पडतंय, तेवढंच वरून देतोय. मला पुरलं ते. उपचार सुरू झाल्यावर काही दिवस ती एकदम चुळबुळी, चिडकी वाटू शकते, इतके दिवस मंदावलेलं शरीर वेग घेत असतं, शाळेत पण सांगून ठेवा. अजून एक, १४ची झाल्यावर आईने गोळी माझ्यावर सोपवली आणि मी दोन महिने घेतलीच नाही, परत तशीच पेंगायला लागले तेव्हा घरी कळलं. मोठी झाली तरी लक्ष ठेवा. आणि आळशी म्हणालात ना, त्याबद्दल तिला सॉरी म्हणा, खरंच म्हणा.

निळी_छत्री:
काल रात्री म्हटलं. तिने विचारलं, म्हणजे मी आळशी नव्हते ना? मी नाही म्हटलं तर थोड्या वेळाने परत तेच विचारलं. मग किती तरी वेळ जवळ घेऊन बसले.
आजपासून पहाटेचा अलार्म लावलाय. आणि हो, लोहाचं टॉनिक आमच्याकडेही होतं, सकाळीच देत होते, ते आता संध्याकाळी.