मदत हवी आहे: सेकंडहँड गाडीच्या मागून दोन तऱ्हेचे आवाज (ऐरोली-ठाणे)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड गाडी घेतली. 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच 04 पासिंग, एकहाती वापरलेली, मीटरवर 71 हजार. सीएनजी किट नंतर बसवलेलं आहे, आरसीवर नोंद आहे. ओढ पुढच्या चाकांना, मागे ड्रम ब्रेक. इंजिन, क्लच, एसी झकास. पण मागचे आवाज डोकं उठवतात.

एक आहे टकटक. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून कळव्याकडे निघालो की किंवा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडला उतरलो की सुरू. खड्डा, गतिरोधक, उखडलेले पेव्हर ब्लॉक, काहीही चालतं त्याला. मागे माणसं बसली की बराच कमी होतो, एकटा असलो की पुन्हा आहेच. गुळगुळीत रस्त्यावर नावालाही नाही.

दुसरी घरघर, पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी. पाम बीचला चाळीसच्या पुढे कानावर येते, साठ-पासष्टला गाण्यांचा आवाज वाढवावा लागतो. रस्ता मोकळा बघून न्यूट्रल करून पाहिलं. आरपीएम खाली आले, घरघर तशीच. गाडीचा वेग उतरला तशी ती उतरली. बाबा मागे बसले होते, ते म्हणाले डावीकडून येतोय. मला स्टेअरिंगवर बसून तो बरोबर मधून, स्टेपनीतून आल्यासारखा वाटतो.

एका गॅरेजवाल्याने एक राउंड मारला आणि 'दोन्ही शॉकअप गेलेत, जोडी टाका' म्हणाला. दुसऱ्याने टायरवर हात फिरवून चारही नवीन घालायला सांगितले. गाडी जॅकवर घ्यायची तसदी कोणीच घेतली नाही. शॉकअपवर तेलाचा ओघळ नाही, डिकी दाबून सोडली तर गाडी एकदा वर येऊन गप्प बसते. मागचे टायर मात्र आतल्या कडेला एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत लागतात आणि उलट फिरवला की दाते लागतात.

दोन्ही आवाजांचं मूळ एकच असेल का? पैसे घालण्याआधी घरी काय तपासता येईल? पुढच्या महिन्यात लोणावळ्याला जायचं आहे, घाट आहे, म्हणून जरा घाई.

प्रतिसाद

दादा, एक आवाज खड्ड्याने येतो आणि दुसरा वेगाने वाढतो, तेव्हा मूळ एक असायची शक्यता कमी. शॉकअपचं तूर्तास विसरा, तुम्ही लिहिलंय त्यावरून ते ठणठणीत दिसतात.

टकटकीसाठी आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, पार्सल ट्रे सगळं घरी ठेवा, स्टेपनीचा बोल्ट आवळा आणि विटाव्याला एक फेरी मारा. माणसं बसल्यावर कमी होतो म्हणताय, तर मागच्या सीटची पाठ जिथे अडकते ती कडी बघाच. पाठीवर रेलून बसलं की ती दाबली जाते आणि वाजायची थांबते. तरीही आवाज राहिला तर सीएनजी टाकीचे पट्टे आणि ब्रॅकेट. तिथे स्वतः पाना लावू नका, किटचं काम करणाऱ्या अधिकृत माणसाकडेच जा. जाताच आहात तर प्लेटवरची तारीखही बघा. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली टाकीची तपासणी) दर 3 वर्षांनी लागते.

घरघर एक तर टायरची, नाही तर बेअरिंगची (चाक ज्यावर मोकळं फिरतं तो भाग). मागची चाकं पुढे आणि पुढची मागे घाला. आवाज पुढे सरकला तर टायर दोषी. नाही सरकला तर सपाट जागी गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून वीट लावा, हँडब्रेक सोडा आणि मागचं एक चाक उचला. खाली स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर भरवसा नको. एका हाताने चाक फिरवा, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर थेट तळहाताला कळते, कानाला कळो न कळो.

प्रतिसाद

वरच्या सल्ल्यात माझी भर. उजवीकडच्या लांब वळणावर भार डाव्या चाकांवर जातो. तिथे घरघर वाढली आणि डाव्या वळणाला कमी झाली तर संशय डाव्या बेअरिंगवर. शिवाय गाडी चालवून आल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात न्या. एकच जास्त तापला असेल तर ब्रेकचा लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) अडकतोय किंवा हँडब्रेकची केबल नीट सुटत नाही. आधीच्या मालकाला विचारा, पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली होती का. बेअरिंगच्या सीलमधून पाणी शिरलं की ग्रीस जातं.

धागाकर्ता

दोघांचे आभार. टकटक सापडली! सीटची डावी कडी. तिच्यावरचं प्लास्टिक फुटून लोखंडावर लोखंड आपटत होतं. तात्पुरती कापडी टेप गुंडाळली, विटाव्याला शांतता. टाकीची तारीख अजून शिल्लक आहे, पट्टेही घट्ट आहेत असं किटवाल्याने सांगितलं.

चाकं अदलाबदल केल्यावर पुढून थोडी भुणभुण यायला लागली, पण मागची घरघर हलली नाही. उजव्या वळणाला वाढते. डाव्या स्प्रिंगवर हात ठेवला तर वाळू भरडल्यासारखं लागतं, उजव्या बाजूला काही नाही. बाबा जिंकले. ड्रम दोन्ही सारखेच कोमट. नवा मेकॅनिक म्हणतो बेअरिंग हबसकट (चाक ज्यावर बसतं तो भाग) येतं, दोन्ही बाजू बदलून घ्या. एकच बदललं तर चालेल?

प्रतिसाद

चालेल. जोडीने बदलायचा आग्रह शॉकअपला असतो, बेअरिंगला नाही. उजवं शांत आहे, त्याला हात लावू नका. हबचा नट नवीन घ्यायला सांगा आणि तो टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराइतकाच आवळणारा पाना) आवळून घ्या. गाडीला एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तिच्या सेन्सरला धक्का लागला नाही ना ते बघा, मीटरवर दिवा राहिला तर तिथेच दाखवा. हातोड्याने ठोकून हब बसवणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

दात्यांचे टायर आता पुढे आलेत, ती भुणभुण थोडी राहील. अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आहेत का) तपासून घ्या. मागचा अ‍ॅक्सल वाकलेला असेल तर नवीन टायरही तसेच खाल्ले जातील, म्हणून मागच्या चाकांचं रीडिंग मागून घ्या. बरेच जण फक्त पुढचंच करून देतात. लोणावळा बेअरिंग बदलल्यानंतरच.