अमिगुरुमी ससा: टाके ३६ होत नाहीत, आतला कापूस दिसतो, डोकं लोळतं – मदत हवी आहे

पहिलीसाखळी

नमस्कार मंडळी. साखळी, मुका खांब, खांब हे सगळं येतं, पण आजवर तोरणं आणि टेबलमॅट यापलीकडे काही विणलेलं नाही. सव्वा वर्षाच्या भाचीसाठी अमिगुरुमी ससा, म्हणजे क्रोशाने विणून आत कापूस भरलेलं खेळणं, करायला घेतलाय. डोकं आणि धड तयार आहे, पण त्याला ससा म्हणवत नाही.

लोकर चार पदरी अ‍ॅक्रिलिक, सुई ४ मिमी (लोकरीच्या लेबलवर तीच होती). पॅटर्नप्रमाणे डोक्याला मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणारा सुरुवातीचा फास) ६ टाके, मग फेरीगणिक १२, १८, २४, ३०, ३६, नंतर ६ फेऱ्या न वाढवता, मग घटवत १२ पर्यंत. माझे सहाव्या फेरीला कधी ३३ होतात, कधी ३५. वरचा भाग गोल न होता सहा कोनांचा दिसतो. टाक्यांमधून पांढरा कापूस डोकावतो. पॅटर्नच्या फोटोत बाहेरून छोटे छोटे 'व्ही' दिसतात, माझ्याकडे आडव्या रेघा आहेत. आणि धडावर शिवलेलं डोकं कुठल्याही बाजूला लोळतं.

सगळं उसवू का? १० मिमीचे काळे सेफ्टी डोळे (मागून चकती अडकवून बसवायचे) आणलेत, अजून लावलेले नाहीत.

सुईबाई

उसव. पण आधी काय चुकलंय ते समजून घे, नाहीतर दुसरा ससाही असाच होईल.

सगळ्यात मोठा घोळ सुईचा आहे. लेबलवरची सुई स्वेटर-शालीसाठी असते, तिथे कापड मऊ आणि झुळझुळीत हवं असतं. खेळण्याचं कापड घट्ट हवं, कारण आतून कापसाचा दाब असतो आणि प्रत्येक टाका ताणला जातो. लेबलवर जो नंबर असेल त्याच्या १ ते १.५ मिमी खाली यायचं. तुझ्या लोकरीला २.५ मिमी घे, हात फार घट्ट असेल तर ३. योग्य झालंय का ते असं बघ: पाच फेऱ्यांची चकती बोटांनी ताणून उजेडासमोर धर. टाक्यांच्या मधून उजेडाचे ठिपके दिसले, तर भरल्यावर तिथूनच कापूस दिसणार.

सुई बदलली की माप बदलेल, त्याची काळजी नको. चार पदरी लोकर आणि २.५ च्या सुईवर ३६ टाक्यांचं डोकं साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर रुंद होतं. ससा लहान होईल, पण बिघडणार नाही.

दुसरं, आडव्या रेघा. ती विणीची उलटी बाजू. चौथ्या-पाचव्या फेरीला चकती आपोआप वाटीसारखी वळायला लागते आणि सपाट विणायची सवय असलेल्यांच्या हातात ती हमखास उलटी वळते. मग वाटीच्या आतून, पलीकडच्या काठावर विणलं जातं. तिथे थांबून मोजाप्रमाणे उलटी करून घ्यायची. 'व्ही' बाहेर, रेघा आत, आणि सुई नेहमी तुझ्या जवळच्या काठावर बाहेरून आत शिरायला हवी. उजव्या हाताने विणत असशील तर काम उजवीकडून डावीकडे सरकेल. हे जमलं नाही तर पुढे घटवण्याच्या टाक्यांतही मजा येत नाही, कारण ते उलट्या बाजूने उठून दिसतात.

लोकरीचा_गुंता

टाक्यांच्या मोजणीबद्दल. ३३ आणि ३५ हे दोन वेगळे आजार आहेत.

३५ येत असतील तर बहुतेक वेळा फेरीचा शेवटचा टाका सुटतो. अमिगुरुमीत फेरी जोडत नाहीत, सरळ गोगलगायीसारखं गोल गोल पुढे जायचं असतं, त्यामुळे फेरी कुठे संपली ते डोळ्यांना कळत नाही. तोरणाच्या सवयीने फेरीच्या शेवटी सरकटाका (फेरी जोडणारा बिनउंचीचा टाका) घालून, एक साखळी घेऊन वर चढत असाल तर तो सरकटाका पुढच्या फेरीत टाका म्हणून मोजला जातो किंवा खरा टाका गाळला जातो. दोन्ही बंद करा. फेरीच्या पहिल्या टाक्यात मार्कर अडकवा. मार्कर नसेल तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन चालते. पुढची फेरी सुरू करताना मार्कर काढायचा, तिथे टाका घालायचा आणि मार्कर त्या नव्या टाक्यात.

३३ म्हणजे तीन वाढी विसरल्या किंवा वाटेत तीन टाके ओलांडले गेले. ओळखायचं कसं? एकाच टाक्यात दोन टाके घातले की तिथे खाली निमुळता पंखा दिसतो. दोन पंख्यांमधले साधे टाके मोजा. सहाव्या फेरीत दर दोन वाढींच्या मध्ये ४ साधे टाके हवेत. तिसरीत १, चौथीत २, पाचवीत ३. फेरीच्या आकड्यातून दोन वजा केले की झालं, पाठ करायची गरज नाही. कुठे जागा जास्त असेल तर तिथली वाढ राहिली, कमी असेल तर टाका गाळला.

मोजायचं प्रत्येक फेरीनंतर. सहा फेऱ्यांनी एकदा मोजलं तर चूक कुठल्या फेरीत आहे तेच सापडत नाही.

शेवग्याचीशेंग

पॅटर्न ब्रिटिश आहे की अमेरिकन ते पाहिलंत का? अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. त्यालाच ब्रिटिश पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात. तुम्ही डबल वाचून खांब घातले असतील तर कोणत्याही सुईने भोकंच पडणार. पॅटर्नमध्ये कुठेही सिंगल क्रोशे हा शब्द असेल तर तो अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नसतो.

मुकाखांब

षटकोनाचं कारण सोपं आहे. पॅटर्नमध्ये दर फेरीला वाढ वाढीवरच येते, सहा वाढी एकमेकींच्या डोक्यावर रचल्या जातात आणि तिथे कोन उभे राहतात. सम फेऱ्यांमध्ये वाढीची जागा सरकवा. चौथी फेरी अशी: १ साधा, १ वाढ, मग (२ साधे, १ वाढ) ५ वेळा, शेवटी १ साधा. एकूण २४. सहावी: २ साधे, १ वाढ, मग (४ साधे, १ वाढ) ५ वेळा, शेवटी २ साधे. एकूण ३६. विषम फेऱ्या आहेत तशाच. कोन दिसणार नाहीत.

सुईबाईंशी एका बाबतीत असहमत. न वाढवलेल्या फेऱ्यांत एखादा टाका कमी पडला तर उसवायचं कारण नाही, मागच्या बाजूला, कानाखाली कुठेतरी एक वाढ घालून आकडा जुळवा, कुणाच्या बापाला कळत नाही. वाढीच्या पहिल्या सहा फेऱ्यांत मात्र मीही उसवेन, तिथली चूक पुढे आकार वाकडा करते.

आणि एक बारीकसा बदल करून बघा. सुई टाक्यात घातल्यावर दोरा नेहमी सुईवरून घेतो, त्याऐवजी सुई दोऱ्यावर नेऊन त्याला खालून ओढा. पुढचा भाग नेहमीसारखाच, सुईवरचे दोन फास एकदम पार. टाका 'व्ही' ऐवजी छोट्या फुलीसारखा दिसतो, जास्त घट्ट बसतो आणि फेऱ्या तिरक्या सरकत नाहीत. सरकत्या फेऱ्यांमुळे नाक एकीकडे आणि डोळे दुसरीकडे जातात, ते टळतं. एकाच सशात दोन्ही पद्धती मिसळू नका, फुलीचा टाका आकाराने लहान असतो.

पहिलीसाखळी

सगळ्यांचे आभार. पॅटर्न अमेरिकन आहे, मुके खांबच घातलेत. उसवलं. २.५ च्या सुईवर, मार्कर लावून, ३६ बरोबर आले आणि 'व्ही' बाहेर आहेत! पण आता दोन टाके एकत्र करून घटवते तिथे दरवेळी छोटं भोक आणि गाठ दिसते. शिवाय सुई टाक्यात शिरायला त्रास होतोय, मनगट दुखतं. आणि भरायला घरातल्या जुन्या उशीचा कापूस चालेल का?

सुईबाई

घटवताना दोन्ही टाक्यांचे पूर्ण फास उचलतेस, म्हणून गाठ. प्रत्येक टाक्याला वर दोन फास असतात, एक तुझ्याकडचा आणि एक पलीकडचा. फक्त तुझ्याकडचा फास घे, दोरा न घेता लगेच पुढच्या टाक्याचाही तुझ्याकडचाच फास घे. सुईवर आता तीन फास. दोरा घेऊन पहिल्या दोन फासांतून काढ, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोघांतून. साध्या टाक्यात आणि यात फरक शोधावा लागतो.

मनगट: दोरा बोटाभोवती एकच वेढा दे, दोन नको. टाका सुईच्या जाड दांड्यावर पूर्ण येऊ दे, टोकाच्या निमुळत्या भागावर घट्ट झालेला टाका पुढच्या फेरीत सुईला आत घेत नाही. तरी दुखलं तर २.७५ किंवा ३ ची घे आणि उजेडाची परीक्षा पुन्हा कर. पातळ धातूची, रबरी मूठ असलेली सुई मिळते, तिचा खरंच फरक पडतो.

उशीतला साधा कापूस नको. दाबून भरला की गोळे होतात, धुतल्यावर आत दिवसेंदिवस ओल राहते, आणि पावसाळ्यात तर वास येणारच. पॉलिस्टर फायबर घे, उशा-गाद्यांच्या दुकानात सुटा मिळतो. या मापाच्या सशाला ३०–४० ग्रॅम पुरे. भरताना मोठा गोळा कोंबायचा नाही. चिमूट चिमूट पिंजून आधी कडेने, मग मध्ये. तोंड १८ टाक्यांवर येईल तेव्हाच भरायला सुरुवात कर, १२ वर बोट आत जात नाही.

निळीनिरगुडी

डोळ्यांवर कुणीच बोललं नाही! सव्वा वर्षाच्या बाळाला सेफ्टी डोळे देऊ नका. नावात सेफ्टी असलं तरी मागची चकती विणीत अडकलेली असते, वीण ताणली किंवा बाळाने चावून ओढलं की डोळा चकतीसकट निघू शकतो. ३ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटा होईल असा कोणताच छोटा भाग नको, म्हणजे मणी, बटण, घुंगरूही नकोत. काळ्या सुती दोऱ्याने डोळे भरून काढा. नवव्या आणि दहाव्या फेरीच्या मध्ये, दोन डोळ्यांत ७–८ टाके सोडून. डोकं भरण्याआधी काढलेत तर गाठी आत सुरक्षित राहतात, पण जागा आधी भरून, टाचण्या लावून ठरवा आणि मग कापूस काढा. डोळे वर आणि जवळ घेतले की ससा रागीट दिसतो.

तसंच रेशमासारखे किंवा केसाळ दोरे या वयाला नकोत, तंतू तोंडात जातात.

पहिलीसाखळी

डोळे भरतकामानेच करते. सेफ्टी डोळे मोठ्या पुतण्याच्या हत्तीसाठी ठेवले. आता मान तेवढी राहिली. आणि पॅटर्नमधलं धड मला फार उभट वाटतं, कुणी आकडे देईल का? कानांचेही.

लोकरीचा_गुंता

डोकं लोळण्याचं कारण तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे: १२ टाक्यांची मान. ३६ च्या डोक्याला मान १८ हवी. म्हणजे १२व्या फेरीनंतर घटवत ३०, २४, १८, आणि तिथे थांबा. धडाचं तोंडही १८ च.

धड खालून वर: ६, १२, १८, २४, ३०. मग ५ फेऱ्या ३० वरच. मग (८ साधे, १ घट) ३ वेळा, २७. दोन फेऱ्या तशाच. (७ साधे, १ घट) ३ वेळा, २४. दोन फेऱ्या. (६ साधे, १ घट) ३ वेळा, २१. एक फेरी. (५ साधे, १ घट) ३ वेळा, १८. दोरा ४० सेंटिमीटर ठेवून कापा. खाली बसकं, वर निमुळतं होतं, त्यामुळे ससा आधाराशिवाय बसतो.

कान दोन: ६, (१ साधा, १ वाढ) ३ वेळा, ९, (२ साधे, १ वाढ) ३ वेळा, १२, (३ साधे, १ वाढ) ३ वेळा, १५. दहा फेऱ्या तशाच. (३ साधे, १ घट) ३ वेळा, १२. दोन फेऱ्या. कानात काही भरू नका, चपटे करून शिवा. हातापायांतही फक्त पंज्यापर्यंत भरा. वरपर्यंत भरले की ते धडाला चिकटत नाहीत, आडवे बाहेर येतात.

मुकाखांब

मान शिवताना बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. डोक्याचा एक टाका, धडाचा एक टाका, असे अठराच्या अठरा जोड्या. शेवटचे ४–५ टाके उरले की थांबा आणि क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने मानेत फायबर कोंबा, इथे जरा जास्तच. मान कडक लागली पाहिजे. मग बंद करा आणि त्याच वाटेने दुसरा फेरा घाला. मानेत काडी किंवा तार घालण्याचे सल्ले मिळतील, बाळाच्या खेळण्यात ते अजिबात नको.

कान-हात आधी टाचण्यांनी लावून समोरून, बाजूने, वरून बघा. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा.

मॅजिक रिंगचं सुटं टोकही तसंच कापू नका. अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत असतं, चार महिन्यांनी बरोबर डोक्याच्या मध्यावर भोक पडतं. टोक आतल्या बाजूने एकदा एका दिशेने आणि एकदा उलट दिशेने टाक्यांतून फिरवून घ्या. हे डोकं भरण्याआधी.

शेवग्याचीशेंग

मॅजिक रिंग सारखी सुटत असेल तर २ साखळ्या घेऊन सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घाला. मध्ये टाचणीएवढं भोक राहतं, पण सुटत नाही.

पहिलीसाखळी

कान, धड, सगळं जुळलं, बसतोय. बाळ तो चोखणारच, म्हणून शेवटचा प्रश्न: मशीनमध्ये टाकला तर चालेल?

सुईबाई

जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या फेरीवर, थंड पाण्यात. ड्रायर आणि इस्त्री नाही, अ‍ॅक्रिलिक उष्णतेने लुळं पडतं आणि परत आकार घेत नाही. पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. कानांनी लटकवायचा नाही, जाळीवर आडवा वाळव, दर दोन तासांनी उलटव. मान दाबून आतून गार लागली तर अजून ओला आहे. आणि प्रत्येक धुण्यानंतर मानेची, कानांची शिवण ओढून बघ.