मदत हवी आहे: चामड्याची टोट बॅग, तळाचे कोपरे बसत नाहीत

सुईदोरा_वर्धा
बचत गटाचं फुलस्केप रजिस्टर आडवं मावेल अशी टोट बॅग करायची आहे. तयार माप: रुंदी ३६, उंची ३२, तळ १० सेंमी. कातडं म्हशीचं, झाडाच्या सालीने कमावलेलं, साधारण २ मिमी जाड, ७ चौरस फूट. नमुना रेक्झिनचा केला: एकच लांब तुकडा, तळाशी घडी, दोन्ही बाजूंना मधोमध १० सेंमी उंच आणि ५ सेंमी खोल खाच. शिलाई १ सेंमी आत. तळाच्या कोपऱ्यांत चुण्या येतात, एका कडेला कापड उरते. चूक कुठे आहे? आणि हेच कातड्यात जमेल का? घरी पायाची शिलाई मशीन आहे, रापी (कातडं कापायची-सोलायची सुरी), आरी (भोकं पाडायचा टोचा), मोगरीही (ठोकायचा लाकडी हातोडा) आहे.

आरी_रापी
ताई, चूक खाचेच्या उंचीत आहे. शिलाई कडेवरून जात नाही, १ सेंमी आतून जाते. त्यामुळे खाचेची उभी कड १० ची ठेवली तर शिलाईची रेषा वर १ आणि खाली १ वाढून १२ होते. तिला जोडायच्या दोन आडव्या कडांची रेषा मात्र ५ आणि ५ मिळून १० च राहते. ते २ सेंमी म्हणजे तुमच्या चुण्या. खाच ८ उंच, ५ खोल कापा. (तळाला घडी नसून शिलाई असेल तर हा हिशेब लागत नाही, तिथे ५ बाय ५ चा चौकोनच बरोबर.)

पण २ मिमीच्या कातड्यात ही रीत धरू नका. शिवून झाल्यावर बॅग उलटवावी लागते. कोपऱ्यात जाड थर एकत्र येतात, आणि उलटवताना वरचा दाणा (कातड्याची गुळगुळीत बाजू) तडकतो. उलटवायची बॅग १.२ मिमीपर्यंतच्या मऊ कातड्याची. तुमच्या कातड्याला बाहेरून शिलाई द्या, तीन भागांत:

पुढचा आणि मागचा पल्ला प्रत्येकी ३७ × ३२.५. बाजू आणि तळ मिळून एकच पट्टी, ११ रुंद, १०० लांब. शिलाई कडेपासून ५ मिमी.

पल्ल्याचे खालचे दोन्ही कोपरे गोल करा, शिलाईच्या रेषेवर त्रिज्या ३ सेंमी येईल असे. टोकदार कोपऱ्यात जाड पट्टी वळत नाही, फुगते. गोल केल्यावर दर कोपऱ्याला सुमारे १.३ सेंमी अंतर कमी होते, म्हणून पट्टी तुम्हाला २.६ सेंमी जास्तीची वाटेल. ती आधी कापू नका. पल्ल्याचा तळमध्य आणि पट्टीचा मध्य खूण करून जुळवा, मध्यापासून दोन्ही बाजूंना वर जा, उरलेलं तोंडाशी शेवटी कापा. एका टोकापासून सुरुवात केली की दुसऱ्या टोकाला बॅग पिळलेली निघते.

१०० सेंमीची सलग पट्टी निघत नसेल तर जोड तळाच्या मध्यावर द्या. दोन्ही टोकं १.५ सेंमीपर्यंत रापीने उतरती सोला (टोकाकडे पातळ करत न्या), एकावर एक चिकटवा, मग शिवा.

पळसफूल
मशीनबद्दल: दोन थर म्हणजे ४ मिमी. घरची मशीन तिथे टाके सोडते, सुई मोडते. हाताने, दोन सुयांनी शिवा. भोकं ४ मिमी अंतराने, आधी पल्ल्यावर पाडा. मग पट्टी चिकटवून त्याच भोकांतून आरी सरळ उभी धरून टोचा. आरी तिरकी गेली की मागचा टाका सापासारखा वाकडा दिसतो. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट. ९८ सेंमीला ४ मीटर होतो, तो हातात गुंततो. तळमध्यापासून दोन तुकडे करा, २-२ मीटरचे. मेण लावलेला ०.८ मिमीचा पॉलिस्टर चालतो. शेवटी दोन-तीन टाके मागे या.

सोल्युशन (चिकटवायचा गोंद) दोन्ही मासाच्या, म्हणजे आतल्या खरखरीत बाजूंना, पातळ, फक्त कडेच्या ५ मिमीत. बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात ते भराभर वाळते, तेव्हा २५-३० सेंमीच्या टप्प्यांत लावा, एकदम सगळीकडे नाही.

सुईदोरा_वर्धा
कळलं, भाऊ. कान (बॅग धरायचे पट्टे) कधी लावायचे? आणि ७ फूट पुरते ना?

आरी_रापी
पुरते. पल्ले, पट्टी आणि दुहेरी कान मिळून सुमारे ४.४ चौरस फूट. पोटाकडचा ढिला भाग सोडून कापलं तरी जमते. कानांच्या पट्ट्या मात्र कण्याच्या ओळीत काढा, पोटाकडच्या कातड्याचे कान महिनाभरात ओढून लांब होतात.

कान जोडणीआधी लावा. बॅग बंद झाल्यावर आत हात पुरत नाही. कान २.५ रुंद, ६० लांब, दोन थर. पल्ल्याच्या आतून ६ × ६ चा ठिगळ, त्यावर कानाचं टोक ५ सेंमी, चौकोनी शिलाई आणि मध्ये फुली. नुसत्या रिबिटांवर रजिस्टरांचं वजन टाकू नका. रिबिट घालायचाच तर भोक कडेपासून १ सेंमी आत, आणि त्याची दांडी सगळ्या थरांच्या वर २-३ मिमीच निघावी. लांब असली तर ठोकताना वाकते, आखूड असली तर पकडत नाही. म्हणून कानाच्या टोकाचा आतला थर आधी सोलून घ्या.

पळसफूल
कडांबद्दल एक. तुमचं कातडं खरंच सालीचं आहे का ते कापलेल्या कडेवर बघा. आरपार तपकिरी असेल तर पाणी लावून जाड कॅनव्हासने घासली की कड चकाकते. मध्ये निळसर राखी रेघ दिसली तर ते क्रोमचं (क्रोम क्षारांनी कमावलेलं), ते घासून गुळगुळीत होत नाही, कडेचा रंगच लावावा लागतो.

पावसाळ्यात तयार बॅग पिशवीबंद ठेवू नका. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. आत वर्तमानपत्राचे बोळे, वर सुती कापड.

सुईदोरा_वर्धा
कड तपकिरीच आहे. तळमध्याची खूण घालून पहिला पल्ला कापते.